जमिनीच्या कागदांतून एक आयुष्य : सोळाव्या शतकातील स्कॉटिश उमराव स्त्रीचा माग कसा काढावा

सोळाव्या शतकातील स्कॉटलंडमध्ये मोठ्या घराण्यात जन्मलेल्या मुलीचीही जन्मतारीख सहसा कोठे लिहिलेली सापडत नाही. चर्चच्या जन्म-विवाहाच्या नोंदवह्यांपैकी सर्वांत जुनी मानली जाणारी एरल येथील वही १५५३ मध्ये सुरू होते आणि बहुतेक ठिकाणच्या वह्या त्यानंतर कितीतरी वर्षांनी सुरू झाल्या. तिची पत्रे उरली असतील तर ते नशीबच म्हणायचे. जमीन मात्र लेखी कागदावाचून हस्तांतरित होत नसे, आणि त्या काळच्या स्कॉटिश कायद्यात लग्न, वैधव्य, घटस्फोट व पुनर्विवाह या प्रत्येक प्रसंगी स्त्रीचा जमिनीवरील हक्क बदलत असे. म्हणून शोध घेणाऱ्याने तिचे नाव शोधण्याआधी तिचा हक्क शोधावा, असे माझे ठाम मत आहे. तो हक्क कोणत्या जमिनीवर होता हे एकदा कळले, की त्या जमिनीचे कागद तिच्याविषयी आपोआप बोलू लागतात.

उदाहरणासाठी मी जीन गॉर्डन हिचे आयुष्य घेतो. हंटलीचा चौथा अर्ल (अर्ल ही उमरावाची एक पदवी) जॉर्ज गॉर्डन आणि एलिझाबेथ कीथ यांची ही मुलगी १५४५-४६ च्या सुमारास जन्मली. १५६२ मध्ये कॉरिचीच्या लढाईत वडील मरण पावले आणि पुढच्या वर्षी संसदेने घराण्याची मालमत्ता जप्त केली. फेब्रुवारी १५६६ मध्ये तिचे लग्न बॉथवेलचा अर्ल जेम्स हेपबर्न याच्याशी झाले आणि मे १५६७ मध्ये ते मोडले. त्यानंतर काही दिवसांतच, १५ मे रोजी, बॉथवेलने स्कॉटलंडची राणी मेरी हिच्याशी लग्न केले. इतिहासाच्या पुस्तकांत जीनची गोष्ट बहुधा येथेच संपते. प्रत्यक्षात ती त्यानंतर आणखी बासष्ट वर्षे जगली. तिने डिसेंबर १५७३ मध्ये सदरलंडचा अर्ल अलेक्झांडर गॉर्डन याच्याशी आणि त्याच्या मृत्यूनंतर डिसेंबर १५९९ मध्ये बॉइनचा अलेक्झांडर ओगिल्व्ही याच्याशी लग्न केले. १४ मे १६२९ रोजी तिचा मृत्यू झाला. ही बासष्ट वर्षे शोधायची तर जमिनीच्या कागदांना पर्याय नाही.

प्रथम नावाविषयी. स्कॉटलंडमध्ये लग्नानंतर स्त्रीचे आडनाव बदलत नसे. जीन तिन्ही लग्नांत आणि वैधव्यातही ‘गॉर्डन’च राहिली. शोधणाऱ्याला ही मोठीच सोय आहे, कारण पतीचे घराणे माहीत नसले तरी माहेरच्या आडनावाने सूची चाळता येते. त्यात अडचण एवढीच, की तिचे नाव लॅटिन कागदांत जोआन्ना होते, तर स्कॉट्स भाषेतील कागदांत जीन, जेन आणि क्वचित जोनेट असेही लिहिले जाते. शिवाय बॉथवेलच्या बहिणीचे नाव जीन हेपबर्न होते आणि आपल्या नायिकेच्या मुलीचे नाव जेन गॉर्डन होते. ही मुलगी पुढे मॅके घराण्यात गेली. ‘जीन, बॉथवेल’ एवढ्यावर विसंबून नोंदी गोळा केल्या तर तीन स्त्रियांची सरमिसळ होते. त्यामुळे प्रत्येक नोंदीपुढे नाव, पतीचे नाव, पदवी आणि जमिनीचे नाव या चार गोष्टी लिहून ठेवाव्यात आणि त्यांपैकी किमान तीन जुळल्याशिवाय ती नोंद आपल्या स्त्रीची मानू नये.

आता हक्कांचे प्रकार समजून घ्यायला हवेत, कारण कागद त्यांच्याच भाषेत लिहिलेले असतात. वधूच्या घरून वराला दिली जाणारी रक्कम म्हणजे ‘टॉखर’. आपल्या हुंड्याशी तिचे साम्य उघड आहे. त्या बदल्यात वराने वधूला काही जमीन लावून द्यायची असे. ही जमीन पती-पत्नी दोघांच्या नावे एकत्र दिली जाई, किंवा पत्नीला तिच्या हयातीपुरता भोगवटा दिला जाई. या हयातीपुरत्या भोगवट्याला ‘लाइफरेंट’ म्हणत. असा कोणताच करार झालेला नसला तरी विधवेला ‘टर्स’ मिळे, म्हणजे मृत्यूसमयी पतीच्या ताब्यात असलेल्या वारसाहक्काच्या जमिनीच्या एक तृतीयांश भागाचे उत्पन्न. त्यासाठी लग्न एक वर्ष आणि एक दिवस टिकलेले असावे लागे, किंवा जिवंत मूल जन्मलेले असावे लागे. घरात मुलगा नसेल तर सर्व मुली समान वाटेकरी म्हणून वारस होत. आपली स्त्री यांपैकी कोणत्या हक्काने जमिनीला जोडलेली आहे, हे ठरल्यावाचून पुढे जाऊ नये.

शोधाची सुरुवात राजाच्या महामुद्रेच्या म्हणजे ‘ग्रेट सील’च्या नोंदवहीपासून करावी. राजाकडून थेट धारण केलेल्या जमिनीच्या सनदा या वहीत उतरवल्या जात आणि तिचे छापील सारांशखंड इंटरनेटवरील मोफत ग्रंथसंग्रहांतही सापडतात. १५१३ ते १५४६ साठी तिसरा, १५४६ ते १५८० साठी चौथा, १५८० ते १५९३ साठी पाचवा आणि १५९३ ते १६०८ साठी सहावा खंड पाहावा. प्रत्येक खंडाच्या शेवटी व्यक्तिनामांची आणि स्थळनामांची स्वतंत्र सूची आहे. नवखा संशोधक व्यक्तिनामांची सूची पाहून थांबतो, आणि अर्धी माहिती तेथेच निसटते. स्थळनामांची सूचीही तितक्याच कसून पाहावी. कारण जमीन पुढे दुसऱ्याच्या नावे गेली तरी ‘अमुक स्त्रीचा हयातीचा भोगवटा राखून’ असे कलम त्या नव्या सनदेत येऊ शकते, आणि ते कलम ती स्त्री तेव्हा जिवंत असल्याचा भक्कम संकेत देते.

या सनदांतील दोन-तीन शब्दांवरच सारे अवलंबून असते, म्हणून त्यांच्याकडे अगदी जवळून पाहू. लॅटिन सनदेत पतीच्या नावानंतर ‘स्पोन्से’ असा शब्द आला तर ती पत्नी आहे. त्याला ‘फुतुरे’ जोडले असेल तर लग्न अद्याप व्हायचे आहे. ‘इन पुरा व्हिर्जिनिताते’, म्हणजे ‘तिच्या निखळ कौमार्यात’, हे शब्द विवाहपूर्व सनदांत वारंवार येतात. वधूला जमीन लग्नाआधीच मिळाली, हे नोंदवण्यासाठी ते घातले जात. ‘रेलिक्ता’ म्हणजे विधवा आणि नावाआधीचे ‘क्वोंदाम’ म्हणजे कैलासवासी. एका सनदेत ‘भावी पत्नी’ आणि काही महिन्यांनंतरच्या सनदेत ‘पत्नी’ असे आले, की लग्नाची तारीख त्या दोन तारखांच्या मध्ये बंदिस्त होते. चर्चची वही नसताना लग्नाची वेळ ठरवण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

याच सनदांत जमिनीसोबत गिरण्या, कबुतरखाने, कोळसा, मासेमारी, जंगले यांची लांबलचक यादी येते. ती वाचून त्या वाड्याचे चित्र रंगवण्याचा मोह होतो, तो आवरावा. ही यादी ठरावीक साच्याची असते आणि गिरणी असो वा नसो, लेखनिक ती लिहीतच असे. एखादी वस्तू प्रत्यक्षात होती असे म्हणायचे तर भाडेपट्टा, हिशेब किंवा तंटा यांसारखा दुसरा पुरावा हवा. जीनच्याच बाबतीत पाहा. १५९८ मध्ये तिने ब्रोरा येथे कोळशाची खाण चालू केली आणि मिठागरे उभारली. हे आपल्याला सनदेतील ठोकळेबाज शब्दांवरून कळत नाही. तिचा मुलगा सर रॉबर्ट गॉर्डन याने लिहिलेल्या सदरलंड घराण्याच्या इतिहासातून कळते.

तारखांच्या बाबतीत दोन ठिकाणी हमखास चूक होते. स्कॉटलंडमध्ये १६०० सालापर्यंत नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे फेब्रुवारी १५६६ मध्ये झालेल्या जीनच्या विवाहाशी संबंधित कागदांवर त्या काळच्या गणनेनुसार १५६५ साल येते. १ जानेवारी ते २४ मार्च या काळातील प्रत्येक तारीख आपल्या वहीत दोन्ही वर्षे घालून, म्हणजे १५६५/६६ अशी, लिहावी. दुसरी चूक पुष्टीपत्रांची. एका उमरावाने पत्नीला दिलेल्या सनदेला राजाने पुष्टी दिली, की नोंदवहीत पुष्टीची तारीख ठळक येते आणि मूळ सनदेची तारीख नोंदीच्या पोटात दडलेली असते. या दोहोंत कधी आठवडा जातो, तर कधी कित्येक वर्षे. स्त्रीच्या आयुष्यातील घटना मूळ सनदेच्या तारखेची असते. तसेच महामुद्रेच्या सनदेवरील ठिकाण हे दरबाराचे असते, त्यावरून ती स्त्री तेथे होती असे समजू नये.

महामुद्रेनंतर ‘प्रिव्ही सील’ या लहान मुद्रेच्या नोंदवहीकडे वळावे. तिचे छापील खंड १४८८ ते १५८४ या काळाचे आहेत. अल्पवयीन वारसाच्या जमिनीचे पालकत्व, त्याचे किंवा तिचे लग्न ठरवण्याचा हक्क, जप्त मालमत्तेचे दान, अनौरस अपत्याला औरस ठरवणारी पत्रे, हे सारे येथे सापडते. ‘लग्न ठरवण्याचा हक्क’ ही विकाऊ गोष्ट होती, हे वाचताना मनाला लागते. पण स्त्रीच्या आयुष्यावर याच नोंदींचा सर्वांत खोल ठसा असतो. मुलांचीही त्यातून सुटका नव्हती. जीनचा दुसरा पती अल्पवयीन असताना त्याचे पालकत्व केथनेसच्या अर्लकडे गेले आणि त्याने आपल्या वयाने कितीतरी मोठ्या मुलीशी, बार्बरा सिंक्लेअरशी, त्या मुलाचे लग्न लावले. ते मोडल्यावरच जीन सदरलंडला आली.

सनद मिळाली म्हणजे जमीन मिळाली असे नव्हे. जमिनीवर जाऊन नोटरी आणि साक्षीदारांसमक्ष मूठभर माती व दगड हातात दिल्यावरच ताबा पूर्ण होई. या विधीला आणि त्याच्या लेखाला ‘सेझिन’ म्हणतात. सर्वसाधारण सेझिन नोंदणी १६१७ मध्ये सुरू झाली, तेव्हा सोळाव्या शतकासाठी नोटरींच्या वैयक्तिक ‘प्रोटोकॉल’ वह्यांवरच भिस्त ठेवावी लागते. त्यांतील काही छापल्या गेल्या आहेत, बाकीच्या एडिंबरा येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. या वह्या कंटाळवाण्या भासतात खऱ्या, पण माझ्या दृष्टीने या साऱ्या शोधाचा गाभा तेथेच आहे. पतीने पत्नीच्या नावची जमीन विकली, की पत्नीची संमती घ्यावी लागे. आणि ती दबावाखाली दिलेली नाही हे दाखवण्यासाठी पतीला बाहेर थांबवून, बायबलवर हात ठेवून, तिच्याकडून शपथपूर्वक मान्यता घेतली जाई. अशी एक नोंद हाती लागली तर अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, अमुक साक्षीदारांसमोर ती स्त्री स्वतः उभी होती हे कळते. तिच्या तोंडचे शब्द साच्यातलेच असतात, तरीही इतर कागदांत जी केवळ कुणाची तरी पत्नी असते, ती येथे स्वतः बोलते.

राजाकडून धारण केलेल्या जमिनीवर नवा वारस आला, की जिल्ह्याच्या शेरीफला खजिन्यात रक्कम भरावी लागे. या रकमांच्या नोंदी ‘एक्स्चेकर रोल्स’ म्हणजे राजाच्या खजिन्याच्या हिशेबांच्या छापील खंडांच्या परिशिष्टांत आहेत. जमीन किती काळ वारसाविना राजाच्या हाती होती हेही तेथे लिहिलेले असते, म्हणून तेवढी वर्षे मागे मोजली की आधीच्या धारकाच्या मृत्यूचा अंदाज येतो.

याच जातीचा, पण स्त्रियांसाठी त्याहून मोलाचा कागद म्हणजे ‘रेटूर’. वारसाने आपला हक्क सिद्ध करण्यासाठी स्थानिक पंचांसमोर चौकशी करवून घ्यायची आणि पंचांनी ठरावीक प्रश्नांची उत्तरे द्यायची, अशी ही पद्धत होती : मृत व्यक्तीकडे कोणती जमीन होती, दावेदार जवळचा व औरस वारस आहे काय, तो सज्ञान आहे काय, जमिनीचे वार्षिक मूल्य किती, ती कोणाकडून धारण केली आहे, आणि शेवटी, ती आज कोणाच्या हातात आहे, कोणत्या कारणाने व केव्हापासून. हा शेवटचा प्रश्न आपल्या कामाचा. ‘एक तृतीयांश भाग आईच्या हातात, टर्सच्या हक्काने’ असे उत्तर असेल तर विधवा जिवंत आहे, हे पंच शपथेवर सांगत आहेत. छापील सारांशात हे उत्तर अनेकदा गाळलेले असते, त्यामुळे महत्त्वाच्या रेटूरची मूळ प्रत मागवावी.

आता जीनच्या पहिल्या लग्नाकडे परत येऊ, कारण हक्काचा माग काढल्याने काय उघड होते हे त्यात स्वच्छ दिसते. विवाहकरारानुसार तिच्या भावाने १२,००० मर्क टॉखर द्यायचे होते. मर्क म्हणजे १३ शिलिंग ४ पेन्स, अर्थात स्कॉट्स पौंडाचा दोन तृतीयांश. तेव्हा ही रक्कम ८,००० स्कॉट्स पौंड होते. कर्जात बुडालेल्या बॉथवेलसाठी ती फार मोठी होती. (स्कॉट्स पौंडाला इंग्लिश पौंड समजू नये, १६०३ मध्ये त्याचे मूल्य इंग्लिश पौंडाच्या बाराव्या हिश्शाएवढे ठरवण्यात आले.) करारावर राणीची सही आहे. जीनच्या आईला लिहिता येत नव्हते, म्हणून गॅलोवेच्या बिशपने तिचा हात धरून सही करवली. सह्यांची जागा वाचल्याशिवाय कोणताही करार बाजूला ठेवू नये, तो यासाठीच.

लग्न मोडले ते दोन वेगवेगळ्या न्यायालयांत. ३ मे १५६७ रोजी विवाहाचे खटले चालवणाऱ्या प्रोटेस्टंट कमिसरी न्यायालयाने पतीच्या व्यभिचारावरून जीनला घटस्फोट दिला. ७ मे रोजी आर्चबिशपच्या कॅथलिक न्यायालयाने, पती-पत्नी निषिद्ध नात्यातील असून त्यांना लग्नासाठी चर्चची सूट मिळालेली नव्हती, असे कारण देऊन लग्न मुळातच रद्द ठरवले. जमिनीच्या दृष्टीने या दोन निकालांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पती दोषी ठरून घटस्फोट झाला, तर निर्दोष पत्नीला तो जणू मरण पावला असे धरून लावून दिलेली जमीन मिळते. लग्नच झाले नव्हते असे ठरले, तर त्या जमिनीचा आधारच निघून जातो. आणि सूट तर दिलेली होती. १७ फेब्रुवारी १५६६ चा तो सूटपत्राचा कागद एकोणिसाव्या शतकात सदरलंड घराण्याच्या डनरॉबिन किल्ल्यातील दप्तरात सापडला. जीनने तो दुसऱ्या पतीच्या घरी नेला होता आणि तो तेथेच राहिला. तिने तो त्या वेळी पुढे का केला नाही, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे, की तो कागद तिने फेकून दिला नाही.

बॉथवेलकडून लावून मिळालेल्या जमिनीचे उत्पन्न ती मरेपर्यंत घेत राहिली, असे तिच्या मुलाने नोंदवले आहे. डिसेंबर १५६७ मध्ये संसदेने बॉथवेलची सारी मालमत्ता जप्त केली, पुढे बॉथवेलच्या अर्लची पदवी त्याचा भाचा फ्रान्सिस स्टुअर्ट याला मिळाली, १५९० च्या दशकात त्याचीही मालमत्ता जप्त झाली आणि जमिनी पुन्हा दुसऱ्यांकडे गेल्या. म्हणून संशोधकाने उत्तरेकडील सदरलंडमध्ये जीन शोधत असतानाच दक्षिणेकडील या जमिनींच्या प्रत्येक नव्या सनदेत तिचा हक्क राखलेला आहे काय, हेही तपासत जावे. जप्तीचे आणि पुनर्स्थापनेचे कायदे स्कॉटिश संसदेच्या कामकाजात पाहावेत; सेंट अँड्र्यूज विद्यापीठाने ते आधुनिक इंग्रजी अनुवादासह इंटरनेटवर खुले केले आहे, त्यामुळे पुण्यात किंवा नागपुरात बसूनही हे काम होते.

राजाकडून थेट न मिळालेल्या, म्हणजे मोठ्या उमरावाने लहान धारकाला दिलेल्या, जमिनीच्या सनदा सरकारी वह्यांत येतीलच असे नाही. त्यांच्यासाठी घराण्यांची खासगी दप्तरे पाहावी लागतात. सदरलंड घराण्याचे दप्तर आज एडिंबराच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. शोधताना माहेरचे, सासरचे आणि जमीन विकत घेणाऱ्याचे अशी तिन्ही दप्तरे लक्षात ठेवावीत. कारण जमीन विकली की तिचे जुने कागदही बहुधा खरेदीदाराच्या घरी जात, आणि स्त्रीची सही असलेला कागद भलत्याच घराण्याच्या पेटीत सापडतो. सरकारी दप्तरातील खिंडारेही ध्यानात असावीत. इंग्लंडच्या क्रॉमवेलच्या फौजेने लंडनला नेलेले स्कॉटिश दप्तर परत येत असताना १६६० मध्ये त्यातील एक जहाज बुडाले. म्हणून सरकारी वहीत नोंद नाही एवढ्यावरून घटना घडलीच नाही, असा निष्कर्ष काढू नये.

मूळ कागद ‘सेक्रेटरी हँड’ या वळणात लिहिलेले असतात. मोडी शिकलेल्या वाचकाला ही धडपड ओळखीची वाटेल : अक्षरे एकमेकांत मिसळलेली, शब्द तोडून लिहिलेले, आणि साचा पाठ झाला की अडलेला शब्दही लागत जाणारा. आधी एखाद्या छापील सनदेचा मजकूर मूळ प्रतीशेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचावी. अशा पाच-सहा सनदा झाल्या की स्वतंत्रपणे वाचायला हात घालावा.

मृत्यूचा शोध सर्वांत शेवटी घ्यावा. मृत्युपत्र सापडले तर त्यात जमीन शोधू नये. स्कॉटिश कायद्याने १८६८ पर्यंत वारसाहक्काची जमीन मृत्युपत्राने देता येत नसे, म्हणून त्यात गुरे, धान्य, भांडी, येणी-देणी एवढेच असते. येणी-देणींच्या यादीत मात्र कोणत्या गावच्या कुळांकडून खंड येणे बाकी आहे हे लिहिलेले असते, आणि ती गावे तिच्या भोगवट्याच्या जमिनींशी ताडून पाहता येतात. मृत्युपत्र नसेल तर तिच्या भोगवट्यातील जमिनींची यादी समोर ठेवून, त्या प्रत्येक जमिनीवर ‘भोगवटा राखून’ हे कलम शेवटचे कोणत्या सनदेत आले आणि त्याविना पहिली सनद कोणती झाली, हे पाहावे. तिचा मृत्यू त्या दोन तारखांच्या मध्ये असण्याची शक्यता मोठी. जीनची तारीख आपल्याला ठाऊक आहे, म्हणून तिच्यावरच ही पद्धत आधी करून पाहावी : १६२९ च्या अलीकडील आणि पलीकडील सनदा शेजारी ठेवाव्यात आणि ते कलम कोठे गळाले हे आपल्या डोळ्यांनी पाहून घ्यावे.